कुठून बोलताय?

आम्ही ती निवडणूक हरलो. नदीकाठी हरलो आणि डोंगरापलीकडेही हरलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण शेवटी गुलाल उधळला जाईल अशी आशा धरून कोणी वाचू नये. मला सांगायचंय ते चौकशीबाईंबद्दल, आणि त्यात माझा हात किती होता त्याबद्दल. पराभवाची कारणं शोधायला पक्षाने नंतर समिती नेमली. त्या समितीने बाईंना बोलावलं नाही आणि मलाही नाही. आमच्याकडे नेमका माणूस सोडून बाकी सगळ्यांना विचारायची पद्धत होती.

बाईंचं खरं नाव हजेरीपटात होतं, पण ते कोणी घेत नसे. कार्यालयात येणारे फोन त्या घेत, म्हणून चौकशीबाई. वय चौपन्न, अंगकाठी किरकोळ, आवाज मात्र असा की भांडायला फोन केलेला माणूससुद्धा दोन वाक्यांत मवाळ व्हायचा. तो आवाज त्या जपायच्या. दुपारी सगळे चहा प्यायचे तेव्हा त्या थर्मासमधून मिठाचं कोमट पाणी काढून गुळण्या करायला मोरीवर जायच्या. प्रचारप्रमुख एकदा चेष्टेत म्हणाले होते, "पक्षाचा घसा एकच आहे, तोही भाड्याच्या घरात राहतो." बाई हसल्या होत्या. त्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात एकट्याच राहायच्या हे खरं होतं.

आमचं कार्यालय एका चष्म्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर होतं. जिना अरुंद, त्यामुळे वर येणारा आणि खाली जाणारा यांच्यात रोज मानपान व्हायचा. फोनच्या खोलीत चार टेबलं, चार फोन, आणि नंबर मात्र एकच. देशभरच्या प्रत्येक पोस्टरवर, प्रत्येक पत्रकाच्या तळाशी तोच नंबर छापलेला. मधोमध एक लाकडी पेटी होती, वाचनालयात पुस्तकांच्या कार्डांची असते तशी, लहान लहान खणांची. त्यात आमची उत्तरं. नदीकाठच्या प्रांतासाठी निळी कार्डं, डोंगरापलीकडच्या प्रांतासाठी पिवळी, बाकीच्यांसाठी पांढरी. संगणक आले होते, पण बाईंचा विश्वास पेटीवर. स्क्रीनवर नजर जाईपर्यंत त्यांचा हात खणात गेलेला असायचा.

आता पद्धत सांगतो. फोन उचलला की पहिलं वाक्य ठरलेलं: "नमस्कार, पक्ष कार्यालय. कुठून बोलताय?" नाव विचारायचं नाही, काम विचारायचं नाही. आधी गाव. गाव कळलं की रंग कळला, रंग कळला की खण, आणि मग प्रश्न काहीही असो, उत्तर त्या रंगातलं. नवीन मुली आल्या की बाई त्यांना हेच शिकवायच्या. "आपुलकीने विचारायचं," त्या म्हणायच्या, "घरच्यासारखं. त्यांना वाटलं पाहिजे की आपल्याला त्यांच्या गावाची काळजी आहे."

कार्डं लिहायचो मी. बाई मला लेखणीबहाद्दर म्हणायच्या, आणि मला ते आवडायचं, हे आज कबूल करायला लाज वाटते. सुरुवातीला तिन्ही रंगांवर जवळपास एकच मजकूर असे. कुठे सभेची तारीख वेगळी, कुठे उमेदवार वेगळा. मग हळूहळू उमेदवार फोन करून सांगायला लागले की आमच्याकडे हे वाक्य चालणार नाही, जरा बदला. प्रचारप्रमुख म्हणायचे, बदला. मी बदलायचो. एक शब्द आज, एक उद्या. पाच वर्षांत निळ्या आणि पिवळ्या कार्डांचं एकमेकांशी बोलणं बंद झालं, आणि ते कधी झालं हे मला सांगता येणार नाही.

त्या निवडणुकीत सगळा जीव एका प्रश्नावर अडकला होता. नदीकाठच्या शहरात रेल्वेचे डबे बांधण्याचा जुना सरकारी कारखाना आहे. तो उचलून डोंगरापलीकडे न्यायचा का, हे निवडून येणाऱ्या सरकारने ठरवायचं होतं. नदीकाठी अख्खं शहर त्या कारखान्याच्या भोंग्यावर उठतं. डोंगरापलीकडे एक लहानशी दुरुस्तीची शेड आणि हजारो बेकार तरुण. विरोधी पक्षाने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं: अर्धा इथे, अर्धा तिथे. दोन्हीकडचे लोक त्यांच्यावर चिडले. आम्ही खूश झालो. आमच्या निळ्या कार्डावर होतं, "कारखाना एक इंचही हलणार नाही. हा आमचा शब्द आहे." पिवळ्यावर होतं, "कारखाना पहिल्याच वर्षी तुमच्याकडे येणार. हा आमचा शब्द आहे." शेवटचं वाक्य माझं. दोन्हीकडे शोभेल असं मला ते एकच सुचलं होतं.

बाईंना हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "वरचे लोक विचार करूनच ठरवत असतील. आपण काय, फोन घ्यायचा." बावीस वर्षं एका जागी बसलेला माणूस वरच्यांच्या अकलेवर विश्वास ठेवायला शिकतो, नाहीतर त्याला बसवत नाही. पण त्याआधीच्या बाई वेगळ्या होत्या. तरुणपणी त्या पक्षासाठी भिंती रंगवायच्या. हातात चुन्याची बादली, खांद्यावर शिडी. तेव्हा पक्षाचं एकच वाक्य होतं: "जिथे घर, तिथे काम." पाच-सहा शहरांत मिळून दोनशेच्या वर भिंती त्यांनी रंगवल्या होत्या, आणि प्रत्येक भिंतीवर तेच. ती गोष्ट त्या सांगायला लागल्या की गुळण्यांचं पाणी गार व्हायचं.

घरचं म्हणाल तर, वडील लवकर गेले. धाकट्या बहिणीचं शिक्षण, लग्न, सगळं बाईंनी केलं आणि त्या गडबडीत स्वतःचं राहून गेलं. बहीण नदीकाठी दिली होती. नवरा त्याच कारखान्यात टर्नर, सव्वीस वर्षं नोकरी झालेला, अगदी कमी बोलणारा माणूस. बाईंची आई बहिणीकडेच असायची. वर्षापूर्वी पडून तिचं कंबरेचं हाड मोडलं, तेव्हापासून ती अंथरुणाला खिळलेली. रोज सकाळी कामावर जायच्या आधी जावई तिला उचलून खिडकीपाशी खुर्चीत बसवायचा आणि संध्याकाळी परत उचलून पलंगावर ठेवायचा. बहिणीच्याने ते होत नसे. बाई महिन्यातून एकदा जाऊन यायच्या आणि आल्यावर मला सांगायच्या, "माझा मेहुणा माणूस नाही, देव आहे. तोंडाने मात्र बंद."

निवडणुकीला तेरा दिवस उरले होते तेव्हाचा मंगळवार. दुपारी फोन आला. मी समोरच कार्डं लिहीत बसलो होतो. बाईंनी विचारलं, "कुठून बोलताय?" पलीकडून गाव आलं, हात निळ्या खणात गेला. मग त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगदी निर्धास्त राहा, साहेब. कारखाना एक इंचही हलणार नाही. हा आमचा शब्द आहे." पलीकडच्याने बहुधा पुन्हा विचारलं. बाईंनी पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा मऊ आवाजात. फोन ठेवून मला म्हणाल्या, "बिचारा फार घाबरलेला होता. बरं वाटलं असेल त्याला." मला माझ्या वाक्याचं कौतुक वाटलं.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला बाईंच्या बहिणीचा फोन आला. कामाच्या वेळी मोबाइल खणात बंद ठेवायचा नियम होता, त्यामुळे घरचे याच नंबरवर फोन करत. बाई हसत म्हणाल्या, "बोल गं," आणि ऐकत राहिल्या. मला फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. तो उतरत गेला. शेवटी म्हणाल्या, "कधी फाडला?" आणि मग, "ते होते? परवा ते होते?"

फोन ठेवल्यावर त्यांनी मला जे सांगितलं ते असं. कारखान्याने कामगारांना एक फॉर्म दिला होता. ज्यांना आपणहून डोंगरापलीकडच्या शेडमध्ये जायचंय त्यांनी भरून द्यायचा. त्यांची नोकरी आणि राहायची खोली नक्की. जे राहतील त्यांचं नशीब कारखान्याबरोबर. तो राहिला तर राहिले, तो गेला तर घरी. फॉर्म द्यायची मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत. मेहुण्यांना जायचं नव्हतं, सासूला कोण उचलणार म्हणून. पण बावन्नाव्या वर्षी घरी बसणंही परवडणारं नव्हतं. तेव्हा त्यांनी कोणाला न सांगता परवा पक्षाच्या नंबरवर फोन लावला. मेहुणीचा आवाज ओळखला, पण आपण कोण ते मुद्दाम सांगितलं नाही. नात्यातल्या माणसाला धीर द्यायला कोणीही काहीही सांगतं, त्यांना परक्या माणसाला काय सांगतात ते ऐकायचं होतं.

"आणि मी त्यांचा आवाज ओळखला नाही," बाई म्हणाल्या. "सव्वीस वर्षांत फोनवर ते माझ्याशी चार शब्द बोलले नसतील. ओळखणार कशी? ते घरी गेले आणि फॉर्म फाडून टाकला. बहिणीला आज सकाळी सांगितलं, ताईने शब्द दिलाय म्हणून."

मी म्हटलं, "मग आता?"

"आता काय? मला खरं उत्तर पाहिजे. पाचच्या आत."

त्या उठल्या, पेटीतून एक निळं आणि एक पिवळं कार्ड काढलं आणि थेट प्रचारप्रमुखांच्या खोलीकडे निघाल्या. बावीस वर्षांत त्या बोलावल्याशिवाय त्या खोलीत गेल्याचं मला आठवत नाही. मी मागोमाग गेलो. का गेलो ते नक्की सांगता येत नाही. बहुतेक ती अक्षरं माझी होती म्हणून.

प्रचारप्रमुख म्हणजे चाळिशीतला हुशार माणूस, भिंतीवर नकाशा, नकाशात टाचण्या. शेजारी सरचिटणीस बसले होते, पक्ष स्थापन झाला तेव्हापासूनचे, आता ऐकू कमी येत असे. बाईंनी दोन्ही कार्डं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

"यातलं खरं कुठलं, तेवढं सांगा."

प्रचारप्रमुखांनी कार्डं बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी नकाशाकडे बघत राहिलो.

"बाई, हे तुम्हाला आज दिसलं?"

"दिसत होतं. विचारायची वेळ आज आली." आणि त्यांनी फॉर्मचं सगळं सांगितलं, आईच्या उचलण्यापर्यंत.

प्रचारप्रमुख वाईट माणूस नव्हते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग म्हणाले, "हे बघा, देश म्हणजे काही एक घर नाही. नदीकाठच्या माणसाला कारखाना म्हणजे जीव आहे. डोंगरापलीकडे पोरं पंचविशी उलटली तरी घरी बसलीत. दोघांना एकच वाक्य कसं सांगू? राहील म्हटलं तर तिकडच्या सात जागा गेल्या. जाईल म्हटलं तर इकडच्या नऊ. निवडून तर येऊ द्या, मग बसून ठरवू."

"विरोधकांनी ठरवलं की."

"आणि दोन्हीकडे शिव्या खातायत."

"खातायत, पण सगळीकडे त्याच शिव्या खातायत," बाई म्हणाल्या. "त्यांच्याबद्दल कोणाला फोन करून विचारावं लागत नाही, तुम्ही नक्की काय करणार म्हणून. मी रोज दोनशे फोन घेते, साहेब. लोक आता आधीसारखे पाणी येईल का, रस्ता होईल का, असं विचारत नाहीत. विचारतात, नक्की ना? तिकडे दुसरं ऐकलं. तिकडे म्हणजे कुठे, माहितीय? बहिणीकडे. सासरी. मामाकडे. तुम्ही नकाशावर टाचण्या लावल्यात, पण लोकांना नातेवाईक असतात."

सरचिटणिसांनी कानामागे हात धरला होता. ते म्हणाले, "काय म्हणाली?" प्रचारप्रमुखांनी मोठ्याने सांगितलं, "लोकांना नातेवाईक असतात म्हणतात." म्हातारा हसला नाही.

मग कारखान्याच्या शहरातला उमेदवार आणि शेडच्या गावातला उमेदवार अशा दोघांना फोन लावला गेला, स्पीकरवर. त्यात दीड वाजला. नदीकाठचे म्हणाले, "कारखाना हलणार असं चुकून जरी कोणी बोललं तर मी आज अर्ज मागे घेतो." डोंगरापलीकडचे म्हणाले, "अहो, मी परवा भर सभेत शपथ घेतलीय!" मग दोघे एकमेकांवर सुरू झाले. दोघांच्याही पोस्टरवर तोच झेंडा होता आणि दोघे एकमेकांना विरोधकांचे हस्तक म्हणत होते. बाई मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्या दर दोन मिनिटांनी बघत, आणि त्यांच्या मागोमाग मीही.

सरचिटणीस एकदाच बोलले. "पूर्वी आपलं एक वाक्य होतं," ते म्हणाले.

"मीच रंगवायची," बाई म्हणाल्या. "मला कोणी विचारलं नाही, कुठल्या भिंतीवर काय लिहू. दोनशे भिंतींवर एकच लिहिलं. तेव्हा आपण हरायचो, पण आपण कोण आहोत ते सगळ्यांना ठाऊक होतं. हरवणाऱ्यांनासुद्धा."

"तेव्हा आपण हरायचो," प्रचारप्रमुख म्हणाले. "हेच तर सांगतोय."

तीन वाजता तोडगा निघाला. तोडगा म्हणजे असा की आजपासून कारखान्यावर तिन्ही रंगांत एकच उत्तर द्यायचं. मला वाटलं, सुटलो. बाईंच्या चेहऱ्यावरही क्षणभर उजेड आला. प्रचारप्रमुखांनी मला मजकूर सांगितला आणि मी तिथेच उभ्या उभ्या लिहिला: "कारखान्याबाबत सर्वांच्या हिताचा निर्णय योग्य वेळी घेतला जाईल."

"घ्या," प्रचारप्रमुख म्हणाले. "एकच पक्ष, एकच उत्तर. तुमचंच ऐकलं, बाई."

बाईंनी कार्ड हातात घेतलं आणि दोनदा वाचलं. मग माझ्याकडे वळल्या. "लेखणीबहाद्दर, तुम्ही लिहिलंत ना? मला समजावून सांगा. हे ऐकून माझ्या मेहुण्यांनी फॉर्म भरायचा का नाही?"

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आमच्याकडे एक वाक्य नव्हतं याचं कारण मी वाक्यं दोन लिहिली हे नव्हतंच. काय करायचं हे कोणी ठरवलेलं नव्हतं. ठरवलेलं असतं तर माझ्यासारख्या दहा जणांनी दहा तऱ्हांनी लिहिलं असतं तरी ते एकच निघालं असतं. आणि ठरवलेलं नसताना तिन्ही रंगांवर तेच शब्द लिहिले तरी ते गुळमुळीतच. मी वेळ मारून नेत होतो, इतकंच. हे तिथे बोलायला पाहिजे होतं. बोललो नाही.

"साहेब," बाई प्रचारप्रमुखांना म्हणाल्या, "नक्की काय ते कोणालाच माहीत नाही, असं तरी लिहून द्या. तेवढं खरं आहे."

"असं कोणी लिहून देतं का?"

बाई उठल्या. चार वाजायला दहा मिनिटं होती. नदीकाठी फाटलेल्या फॉर्मच्या बदली दुसरा घ्यायचा तर मुकादमाची सही लागणार होती, आणि मुकादम साडेचारला जागेवरून उठायचा. बाईंनी आमच्याच टेबलावरून बहिणीला फोन लावला. बाकीच्या तिन्ही मुलींनी फोन घेणं थांबवलं होतं. घंटा वाजत होत्या, कोणी उचलत नव्हतं.

"मेहुण्यांना दे," बाई म्हणाल्या. थांबल्या. मग त्यांचा तो जपलेला आवाज मी पहिल्यांदा फाटताना ऐकला. "मी ताई बोलतेय. परवा मी तुम्हाला जे सांगितलं ना, ते तुमच्या गावासाठीचं उत्तर होतं. डोंगरापलीकडच्यांना मी उलट सांगते. रोज सांगते. खरं काय ते मला माहीत नाही. पक्षालाही माहीत नाही. माझ्या शब्दावर बसू नका."

मग बहुधा बहिणीने फोन घेतला असावा, कारण बाई म्हणाल्या, "हो गं. हो. गाव विचारून सांगितलं." आणि मग, "तुला? तुलाही तेच सांगितलं असतं, ओळखलं नसतं तर." त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. बहिणीने तिकडून ठेवून दिला तरी तसाच धरून होत्या.

पाचला चार मिनिटं असताना फोन आला. फॉर्म मिळाला, मुकादम फाटकातून परत बोलावला गेला, सही झाली, मेहुण्यांनी भरून दिला. डोंगरापलीकडे. आठवडाभरात हजर व्हायचं. बाईंनी ऐकलं, "बरं" म्हणाल्या आणि मोरीवर गेल्या. गुळण्यांचा आवाज आला नाही. पाणी मात्र बराच वेळ वाहत होतं.

त्यानंतर बाईंना फोनवर ठेवणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पहिला फोन उचलला आणि गाव न विचारता म्हणाल्या, "कारखान्याचं आमचं अजून ठरलेलं नाही, साहेब." असे त्यांनी चाळीस फोन घेतले. गंमत म्हणजे त्या चाळिसांतल्या एकानेही शिवी दिली नाही. दोघांनी तर आभार मानले. पण दुपारपर्यंत दोन्ही उमेदवारांच्या तक्रारी आल्या. प्रचारप्रमुखांनी बाईंना मागच्या खोलीत पत्रकांच्या घड्या घालायला बसवलं. त्या घड्या घालत बसल्या. निवडणूक झाली की रजा काढून आईकडे जाणार होत्या, कायमच्याच म्हणा ना. तिला आता उचलायला कोणीतरी पाहिजे होतं. त्यांच्या खुर्चीवर मला बसवलं. "मजकूर तुमचाच आहे," प्रचारप्रमुख म्हणाले, "तुम्हाला पाठ असेल."

ते योग्य वेळीवालं कार्ड तीन दिवस टिकलं. चौथ्या दिवशी नदीकाठचे उमेदवार म्हणाले, हे ऐकून लोक जास्तच घाबरतात. पाचव्या दिवशी डोंगरापलीकडचे म्हणाले, आमचं जुनं बरं होतं. सहाव्या दिवशी निळी आणि पिवळी कार्डं पेटीत परत आली. मला नव्याने लिहावीसुद्धा लागली नाहीत. फेकायची म्हणून मी ती खाली एका खोक्यात टाकली होती, तीच उचलून आणली.

मतदानाला दोन दिवस उरले होते. सकाळपासून घसा बसला होता माझा. त्या दिवशी मला बाईंच्या मिठाच्या पाण्याची किंमत कळली. अकराच्या सुमाराला फोन वाजला.

"नमस्कार, पक्ष कार्यालय. कुठून बोलताय?"

पलीकडे पुरुषाचा आवाज, हळू, शब्द मोजून. मागे लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येत होता. त्याने डोंगरापलीकडचं गाव सांगितलं, शेडमधून बोलतोय म्हणाला. माझा हात पिवळ्या खणात गेला. आता लिहिताना वाटतं, त्या हाताला कोणीतरी धरायला पाहिजे होतं.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "तो कारखाना इकडे येणार का?"

"शंभर टक्के," मी म्हटलं. "कारखाना पहिल्याच वर्षी तुमच्याकडे येणार. हा आमचा शब्द आहे."

"बरं." तो थांबला. मागचं ठोकणंही थांबलं. "मागच्या आठवड्यात मी नदीकाठून फोन केला होता. तेव्हा एक इंचही हलणार नाही म्हणून सांगितलं होतं. तोही शब्दच होता."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "तेव्हा तुम्ही तिकडून..."

"हो, तेव्हा तिकडे होतो. आता इकडे आहे. पण माणूस तोच आहे हो मी." आवाजात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं. "मत तिकडेच आहे माझं, यादी बदलली नाही. रजा मिळत नाही, त्यामुळे तसंही जाणार नाही. ताई असतील तर सांगा, पोचलो म्हणून. खोली मिळाली. आणि आईंना सकाळी उचलताना डाव्या बाजूने धरायचं, उजवीकडे दुखतं. धाकटीला ते जमत नाही, ताईंना सांगून ठेवा."

त्याने फोन ठेवला. मी उठून मागच्या खोलीत गेलो. बाई जमिनीवर बसल्या होत्या, आजूबाजूला पत्रकांचे गठ्ठे, नदीकाठचे एका बाजूला, डोंगरापलीकडचे दुसऱ्या बाजूला. अंगठ्याच्या नखाने त्या घडी दाबत होत्या.

"मेहुण्यांचा फोन होता," मी म्हटलं. "पोचलेत. खोली मिळाली. आणि आईंना डाव्या बाजूने उचला म्हणाले."

त्यांचे हात थांबले. "डाव्या बाजूने," त्या पुटपुटल्या, पाठ करत असल्यासारख्या. मग वर न बघता म्हणाल्या, "आणखी काही विचारलं?"

"विचारलं."

"कारखान्याचंच?"

"हो."

बाईंनी पुढचं पत्रक घेतलं, घडी घातली, नखाने दाबली आणि ते डोंगरापलीकडच्या गठ्ठ्यावर ठेवलं.

"उत्तर द्यायच्या आधी कुठून बोलताय ते विचारलंत ना?"

मी हो म्हटलं.